बाजेखालची ऊब

सोमवारपासून सकाळी सहा ते दहा वीज बंद राहणार, असं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं होतं. त्र्याहत्तर साल संपत आलं होतं आणि सोनईत थंडी कडक होती. दानीएल मास्तरांनी शाळेतून येता येता तो फळा वाचला आणि घरी आल्याबरोबर वहीच्या पानावर यादी केली. दळण शनिवारीच आणायचं, मोटार चालू आहे तोवर पिंप आणि रांजण भरायचे, कंदिलाच्या वाती कापायच्या. काड्यापेटी चुलीजवळच्या कोनाड्यातच राहील, तिथून कुणी हलवायची नाही. बायकोला, लिडियाला, त्यांनी हे दोनदा सांगितलं.

लिडियानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पिल्लांचं?"

यादीत पिल्लं नव्हती.

आठ दिवसांपूर्वीच लिडियानं कोंबडीची दीडशे पिल्लं आणली होती, एक दिवसाची. मागच्या खोलीत भुश्यावर पत्र्याचं कडं उभं केलं होतं आणि वर पत्र्याच्या छत्रीखाली दोन मोठे बल्ब लावले होते. पहिले काही आठवडे त्यांना ऊब लागते, ती गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरून मरतात. हे लिडियाला कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. वीज गेली तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

दानीएलची आई साळूबाई या पिल्लांकडे फारशी फिरकत नसे. आई नसलेली पिल्लं तिला बघवत नसत. चाळीस वर्षं ती गावाची सुईण होती. सोनईतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. पण दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात नर्सबाई आल्या आणि साळूबाईला बोलावणी यायची बंद झाली. ती तक्रार करत नसे. ओट्यावर बसून गवार मोडायची, शेंगा सोलायची आणि कुणी विचारल्याखेरीज सल्ला द्यायची नाही.

शनिवारी संध्याकाळी दानीएलनं चाचणी घेतली. बल्ब बंद केले, छत्रीखाली दोन कंदील ठेवले आणि भिंतीवरचा फॅरनहाइटचा तापमापक काढून कड्यात लावला. पारा पंच्याण्णववरून घसरत अर्ध्या तासात ऐंशीला आला. कंदिलाजवळ घासलेटाचा वास, लांब गारठा. पिल्लं चिवचिवाट करत एका कडेला गोळा झाली. लिडियानं हातानं ढीग मोडला, पण तेवढ्यात दोन पिल्लं गेली होती. मेलेली दोन्ही ओच्यात घेऊन लिडिया कड्याशीच बसून राहिली. दानीएलनं बल्ब लावले.

साळूबाई दारात उभी होती.

"कंदील उजेडाला असतो, लेका. उबेला न्हाई."

"मग उबेला काय असतं?" दानीएल जरा चिडूनच म्हणाला.

"माझी बाज उतरव."

बाळंतिणीला जिच्याखाली निखाऱ्यांचा शेक देतात तशी ती सुंभाची बाज तिनं माळ्यावरून खोलीत आणवली, कड्यावर आडवी टाकायला लावली. रविवारी दुपारी बल्ब बंद करून घमेल्यात आधी राखेचा जाड थर घातला. बाभळीची लाकडं आणि गोवऱ्या अंगणातच जळू दिल्या, धूर पुरता संपेपर्यंत आत येऊ दिल्या नाहीत. मग निखारे राखेवर पसरून वरून पुन्हा राख. घमेलं बाजेखाली मधोमध ठेवून भोवती विटा रचल्या, म्हणजे पिल्लू आत पडणार नाही आणि विटाही तापतील. बाजेवर गोधडी टाकली, पण खाली वीतभर जागा मोकळी ठेवली. दानीएल ती जागा झाकायला गेला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. निखाऱ्याची खोली कोंडली की बाळंतीण गुदमरते, हे तिनं तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. दारही तिनं किलकिलं ठेवायला लावलं.

दानीएलनं तापमापक पुढे केला. तिनं मात्र बाजेखाली हात घालून पालथा तळवा भुश्यावर धरला आणि मनाशी काही मोजलं.

"जरा लई झालं," ती म्हणाली आणि वरून मूठभर राख घातली.

त्यानं पारा पाहिला. अठ्ठ्याण्णव होता. थोड्या वेळानं पंच्याण्णव झाला. त्यानं तापमापक भिंतीला टांगला.

सोमवारी सहाच्या ठोक्याला बल्ब विझले. निखारे तासाभरापूर्वीच तयार होते. लिडिया कड्याशी गुडघे टेकून बसली. पिल्लं एकदम ओरडली, इकडेतिकडे धावली. तिला शनिवारचा ढीग आठवला आणि तिचा हात आपोआप पुढे गेला. साळूबाईनं तो मागे ओढला. "त्यांना सापडंल. थांब."

पिल्लांना सापडलं. एकेक करत ती विटांकडे सरकली, मग थोडी मागे हटली आणि आपापल्या अंतरावर बसली. चिवचिवाट बारीक झाला. आठ वाजता साळूबाईनं राख एकदा उकरली, नऊला नवे निखारे घातले. दानीएल शाळेत जाता जाता तीनदा डोकावून गेला.

दहाला बल्ब लागले, तेव्हा लिडियाला ते लगेच कळलंच नाही. पिल्लं पंख सैल सोडून, माना टाकून झोपली होती. मेली की काय? तिनं एकाला बोट लावलं. ते वैतागून उठलं आणि दुसरीकडे जाऊन झोपलं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "एक पण नाही गेलं." आणि मग तिला रडू आलं.

साळूबाईनं भिंतीला टेकून पाय पसरले.

"आता च्या टाक. गूळ चांगला घाल," ती म्हणाली. "बाळंतीण सुटली की घरातनं मला आधी च्या यायचा. दोन वर्सं झाली, न्हाई मिळाला."

लिडिया डोळे पुसत उठली. काड्यापेटी कोनाड्यातच होती.