फाईल पुरी होती

‘काका, कर्नल नाही हो, कर्नेल! मिलिटरी नाही आली इथे!’

अख्खा हॉल हसला. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा हॉल. मी उभा. माईक तुषारच्या हातात, खांद्यावर सत्काराची शाल. तो टॉवरमधला इंजिनिअर. आम्ही मागच्या विंगमधले, चाळ पाडून बसवलेले. आमचं गेटसुद्धा वेगळं.

मी एवढंच विचारलं होतं, ‘त्या कर्नलला माझं नाव कळवलंस काय रे?’

मी चौथी शिकलेला. आधी गिरणीत, मग एका ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई. गेल्या वर्षी बायको गेली. गावच्या बहिणीला पाठवायला ती मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची. शेवटी दरवेळी, ‘चल, ठेवतंय गो.’ तिचा मोबाईल बंद पडला. त्यातलं मेमरी कार्ड मी नातीच्या जुन्या लॅपटॉपला लावलं. सगळं ऐकू आलं, पण ‘ठेवतंय गो’ नाही. एकातही नाही.

तुषारकडे गेलो. दारातच म्हणाला, ‘काकूंनी घाईत बंद केलं असेल. फाईल खराब आहे. डिलीट करा.’

डिलीट करा! घरातलं माणूस गेलं, आणि हा उरलेला आवाज पुसायला सांगतो.

कार्ड घेऊन मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने आपल्या फोनमध्ये घातलं. शेवटपर्यंत बोलली. मी दुकानातच रडलो.

रेकॉर्ड रूममध्ये जन्म गेला माझा. फाईलचं शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटतं. साहेब नीट बघत नाही आणि ‘अपूर्ण’ म्हणून शेरा मारतो. परत तुषारकडे गेलो. म्हटलं, ‘फाईल पुरी आहे. वाचणारा शेवटचं पान सोडतोय.’

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. लॅपटॉप ठेवून घेतला. चार दिवसांनी त्यानेच सांगितलं. लॅपटॉप चालवणाऱ्या सिस्टीमच्या पोटात, कर्नेल म्हणतात तिथे, चूक होती. फाईलचा शेवटचा तुकडा पुरा भरलेला नसला की तो वाचलाच जात नव्हता. तुषारने ते दुरुस्त केलं. ही सिस्टीम जगभरचे लोक मिळून लिहितात, त्यांनी ते मान्य केलं.

आणि हॉलमध्ये काय म्हणाला? ‘एकदा सहज माझ्या लक्षात आलं.’

जळलो मी. खरं लिहितो. शालीवर जळलो. पहिल्या रांगेतल्या त्याच्या बायकोवर जळलो. ‘तुषार, शाल नीट घे ना,’ म्हणत होती. त्याला टोकायला माणूस आहे. मला कार्ड आहे.

हसू थांबलं तशी त्याच्या ऑफिसातली एक बाई बोलली, ‘चूक कोणी कळवली त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायची रीत आहे ना आपल्यात? ती ओळ का नाही टाकलीस?’

‘अगं, तिथे ईमेल लागतो. काकांकडे कुठला ईमेल?’

परत हसले. सेक्रेटरीने माझ्या हातावर पेढा ठेवला. ‘बसा काका, तोंड गोड करा.’

असलेच पेढे खाल्ले मी नोकरीभर. हरवलेली फाईल मी शोधायची, बढती साहेबाची, मला पेढा. हातातला पेढा टेबलावर ठेवला. माईक मागितला. दिला नाही. तसाच ओरडलो, ‘चूक मी पकडली! दुरुस्त तू केलीस. तुझं नाव तुला. माझं मला!’

कोणी हसलं नाही.

खाली ती बाई भेटली. म्हणाली, ‘एकदा कर्नेलमध्ये गेलेली नोंद आता बदलत नाही, काका.’

नको बदलू दे. नातीकडून ईमेल काढून घेतलाय. त्या सगळ्या लोकांना मी लिहिणार. मराठीत लिहिणार, समजून घेतील त्यांचं ते. पुढची चूक दिसली तर तुषारच्या दारात उभा राहणार नाही. थेट लिहीन. आणि खाली पुरं नाव, बापाच्या नावासकट.