साडूभाऊंनी लिहिलेलं इतिवृत्त

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, निदान तसं सांगणारी तरी आहेत; पण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवणारा आणि महिन्याभरानं ते त्यालाच वाचून दाखवणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे यजमान. शर्टाच्या खिशात मावेल एवढी वही आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं शाईचं पेन, हे त्यांच्या अंगाचाच भाग होते. पेनाला दोरा कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पेन मागून न्हेनारा मानूस परत देतो का? मग दोरा बरा. मानूसच थांबतो, लिहून हुईपर्यंत."

आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नाच्या बैठकीला त्यांना आवर्जून बोलवत आणि बोलावल्याचा पश्चात्ताप आवर्जून करत. माझ्या एका चुलत मेव्हणीची सासू लग्नानंतर दोन महिन्यांतच पोरीला भाकरी थापता येत नाही म्हणून कुरकुरायला लागली. साडूभाऊ त्यांच्या घरी गेले, पाणी प्याले, वही काढली आणि वाचलं, "'सैपाक नाही आला तरी चालेल, पोरगी शिकलेली पाहिजे.' मुलाच्या आई. दुपारी साडेबारा, पंगत बसण्याआधी." पोरीला पुढं कुणी काही बोललं नाही; मात्र साडूभाऊंना त्या घरात नंतर कधी चहा मिळाला नाही. आमच्या सासऱ्यांनी घोडेगावच्या बाजारात म्हैस घेतली तेव्हाही हे बरोबर होते. व्यापारी म्हणाला होता, "लई गरीब जनावर हाय, लेकरानं बी धार काढावी." म्हशीनं पहिल्याच सकाळी सासऱ्यांना बादलीसकट उडवलं. पुढच्या बाजारी साडूभाऊंनी भरगर्दीत त्या व्यापाऱ्याला त्याचंच वाक्य वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी बोललो ते खरं हाय. पन म्हशीनं हे वाचलंय का?" हेसुद्धा त्यांनी खाली लिहून घेतलं.

माझं स्वतःचं लग्न त्या वहीतूनच जमलं. मी त्यांच्या कॉलेजात, त्यांच्याच भूगोल विभागात नवा लागलो होतो, आणि त्यांची मेव्हणी लग्नाची होती. त्यांनी माझ्याविषयी घरी जे टिपण वाचून दाखवलं ते बायकोनं मला पुढं कितीतरी वेळा ऐकवलं आहे: "मुलगा बोलताना जमिनीकडे बघतो. खोटं बोलत नसावा." अशा पुराव्यावर माणसं मुली देतात.

घरी मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला पाव्हणं म्हणायचे. विभागात मात्र मी त्यांना सर म्हणे, आणि तेसुद्धा असं, की ऐकणाऱ्याला आमची ओळख गेल्या सोमवारचीच वाटावी. नातं सांगितलं की लोक वशिला म्हणतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण असं की आमच्या विभागप्रमुखांना साडूभाऊ आवडत नसत आणि विभागप्रमुखांना मी आवडावं अशी माझी इच्छा होती.

विभागप्रमुख म्हणजे विद्वान गृहस्थ, पण बैठकीत बसले की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे. कुणी नवीन काही सुचवलं तर म्हणत, "हे तुम्हाला झोपेत सुचलं की वर्गात? म्हणजे एकच झालं." आमच्यात एक तासिका तत्त्वावरच्या मॅडम होत्या, बिचाऱ्या जामखेडहून पहाटेची गाडी पकडून यायच्या. त्यांना तर ते नावानं हाकसुद्धा मारत नसत. "त्या मॅडमला सांगा" असं मॅडमसमोरच म्हणत. बाकीचे हसत. हसण्यात मी फार पुढं नव्हतो, पण मागंही नव्हतो.

या बैठकांचं इतिवृत्त लिहायची एक जुनी, सुखाची रीत होती. गेल्या वर्षीचं रजिस्टर उघडायचं, तारीख बदलायची आणि 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असं उतरवून काढायचं. पुढच्या बैठकीत ते भराभर वाचायचं, सगळ्यांनी सह्या करायच्या, आणि मागील सभेचं इतिवृत्त कायम झालं असं म्हणायचं. मग एक दिवस लिहिणारे सर बदलून गेले, आणि रजिस्टर 'काम नसलेला माणूस' म्हणून साडूभाऊंच्या पुढ्यात आलं. विभागप्रमुखांनी हे शब्द मोठ्यानं उच्चारले, आणि तेच त्या रजिस्टरातलं साडूभाऊंच्या अक्षरातलं पहिलं वाक्य ठरलं.

महिन्यानं ते उभे राहिले. घरी अस्सल जामखेडी बोलणारा हा माणूस रजिस्टर हातात आलं की शासन निर्णयासारखं बोलायचा. सपाट आवाजात वाचू लागले: "विषय क्रमांक दोन, वेळापत्रक. विभागप्रमुख म्हणाले, 'त्या मॅडमला सकाळचा पहिला तास द्या, तेवढ्याच लवकर उठतील.' यावर तीन सदस्य हसले. मॅडम हसल्या नाहीत. मॅडम पहाटे साडेचारला उठतात असे त्यांनी सांगितले, ते कोणी ऐकले नाही. ठराव: पहिला तास मॅडमना देण्यात यावा." साडूभाऊंनी विचारलं, "यातलं काही बोललं गेलं नसेल तर सांगावं, दुरुस्त करतो." रजिस्टर फिरलं. सह्या झाल्या. तीन सदस्यांतला एक मी होतो, आणि माझी सही त्या दिवशी जरा बारीक आली आहे.

त्यानंतर विभागाच्या बैठकांना काही महिने इतकं सौजन्य आलं की बाहेरून बघणाऱ्याला कुणाचं तरी तेरावं चाललंय असं वाटावं. विभागप्रमुख एखादं वाक्य अर्ध्यावर गिळत, साडूभाऊंच्या पेनाकडे बघत, आणि "हे लिहू नका" म्हणत. साडूभाऊ लिहीत, "विभागप्रमुख म्हणाले, 'हे लिहू नका.'" मॅडमना लोक मॅडम म्हणून हाक मारू लागले. साडूभाऊ कधी कुणावर चिडले नाहीत, उलट बोलले नाहीत, तक्रार तर कुठंच केली नाही. एकदा गाडीवर मागं बसून घरी जाताना मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला राग येत नाही?" ते म्हणाले, "येतो की. पन राग माझा असतो, वाक्य त्यांचं असतं. ज्याचं त्याला परत दिलं म्हंजी झालं."

ते निवृत्त व्हायला एक वर्ष उरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. साडूभाऊंचा जीव एकाच विषयात होता: सर्वेक्षण आणि नकाशा. तीसेक वर्षं ते पोरांना गावाबाहेरच्या माळावर घेऊन जात, तिपाईवर कागद लावलेला मोजणीचा फळा मांडून, एक डोळा मिटून, उन्हात त्यांच्याकडून माळाचा नकाशा काढून घेत. त्यांच्या पोरांना बाभळ कुठं आणि ओढा कुठं हे कागद न बघता सांगता यायचं. मी त्याच सुमारास संगणकावर नकाशे करायचं दोन आठवड्यांचं शिबिर करून आलो होतो. विभागप्रमुखांनी बैठकीत विषय काढला. आता माळावर फिरायचे दिवस गेले, सरांनी शेवटच्या वर्षी विश्रांती घ्यावी, विषय संगणकाकडे, म्हणजे माझ्याकडे, द्यावा. साडूभाऊ लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "मला एवढं एक वर्ष घेऊ द्यावं, अशी विनंती आहे." त्यांनी कुणाला काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग आपली विनंती त्यांनी स्वतःच लिहून घेतली.

विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही तर घरचे आहात म्हणे." हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. साडूभाऊंचं पेन पुन्हा चालू लागलेलं मला दिसलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. मागचं काही लिहायचं राहिलं असेल असं मला वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "सरांचं आता वय झालंय. परवा आमच्या अक्कांना बाजारात विसरून गाडीवर एकटेच घरी आले. वाटेत बोलतही होते त्यांच्याशी."

ही गोष्ट अक्कांनी मला हसत हसत, स्वयंपाकघरात, घरचा माणूस म्हणून सांगितली होती. टेबलाभोवती हशा उसळला. विभागप्रमुखांनी टेबलावर थाप मारली. मीही हसलो. साडूभाऊंचं पेन मध्येच थांबलं होतं. त्यांनी रजिस्टरात क्षणभर पाहिलं, मग पुढच्या ओळीवर लिहायला लागले.

तो महिना कसा गेला ते सांगायला मला लाज वाटते. दोनदा मी त्यांच्या घरापर्यंत जाऊन आलो. माफी मागायला गेलो होतो असं सांगता आलं असतं तर बरं होतं. मी गेलो होतो ते वाक्य गाळा असं सांगायला. पहिल्यांदा फाटकातूनच परतलो. दुसऱ्यांदा अक्कांनी बघितलं. "आवो, बाहीर काय उभं? या की." शिरा केला. साडूभाऊ समोर बसून पोरांचे नकाशे तपासत होते. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, काय काम हुतं का?" मी म्हणालो, "नाही, सहज." त्यांनी मान डोलावली आणि एका नकाशावर लाल शाईनं ओढा सरळ केला.

बैठकीच्या दिवशी ते उभे राहिले आणि त्याच सपाट आवाजात वाचू लागले. सरांची विनंती आली. मग: "यावर मत विचारले असता," त्यांनी माझं नाव घेतलं, "ते म्हणाले, 'हे वर्ष विषय सरांकडेच असावा. मी माळावर त्यांच्यासोबत जाईन आणि संगणकावरचा भाग शिकवीन.'"

मी वर बघितलं. विभागप्रमुख म्हणाले, "असं कधी म्हणाले हे?"

"म्हणाले नाहीत," साडूभाऊ म्हणाले. "त्यांना विचारलं तेव्हा ते असं म्हणतील असं मला वाटलं. म्हणून त्यांनी बोलायच्या आधीच लिहून टाकलं. चूक माझी आहे. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ते प्रत्यक्ष जे बोलले ते पुढच्या ओळीत आहे." आणि त्यांनी तेही वाचलं, अक्कांसकट, बाजारासकट. "यावर चार सदस्य हसले." या खेपेला कुणीच हसलं नाही. "वरचं वाक्य खोडायला सभेची संमती हवी."

"खोडा की," विभागप्रमुख म्हणाले. "संमती आहे. आहे ना?"

त्या एका क्षणात मला एवढंच म्हणायचं होतं, की राहू द्या, खोडू नका, मी आत्ता म्हणतो. वाक्य तयार होतं. मला ते रचायचंही नव्हतं. दुसऱ्यानं माझ्यासाठी शुद्ध मराठीत लिहून ठेवलं होतं. टेबलाभोवती "आहे, आहे" असे आवाज आले. त्यांतला एक माझा होता.

त्यांनी पट्टी लावली, एक बारीक रेघ ओढली, समासात सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. त्या वर्षी विषय मी शिकवला. पोरं वातानुकूलित खोलीत बसली, पडद्यावर माळ बघितला. साडूभाऊंनी वर्षभर इतिवृत्त लिहिलं, निवृत्त झाले आणि अक्कांना घेऊन जामखेडकडच्या आपल्या गावी राहायला गेले. मॅडम त्यांच्या निरोपाला बोलताना मध्येच थांबल्या आणि खाली बसल्या. मी चांगला दहा मिनिटं बोललो.

रजिस्टर आता माझ्या कपाटात असतं. 'सर्वानुमते मंजूर' पुन्हा सुरू झालंय. कधी कुणी नसताना मी ते पान उघडतो. रेघ इतकी बारीक आहे की खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं.

मागल्या दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा अंगणात दोघंच होतो. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "भाऊ, ते वर्ष विषय तुमच्याकडंच राहायला पाहिजे होता. मी माळावर यायला पाहिजे होतं."

सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला, पण बंडीला खिसा नव्हता.

"मंग उद्या सकाळी चला की," ते म्हणाले. "हितं बी माळ हाय. ऊन व्हायच्या आत निघू. टोपी आनलीय का तुमी?"