भाग्याचं संथ गाणं

भाग्या गाण्याआधी पाणी प्यायची नाही. "घसा वला झाला की आवाज गुळगुळीत हुतोय, अक्का," म्हणायची. सोलापुरात तिच्या घराला लागूनच यंत्रमाग होते. त्या खडखडाटात आईला हाका मारून मारून तिचा आवाज खरखरीत झाला होता. मी आठ वर्षं शास्त्रीय शिकलेली, शाळेत संगीत शिकवणारी, रोज मधाचं पाणी पिणारी. आमच्या बँडमध्ये मी कीबोर्ड वाजवायची आणि शेवटची दोन संथ गाणी म्हणायची.

बाकीचा कार्यक्रम भाग्याचा. न्यू वेव्हची गाणी, म्हणजे कीबोर्डचे तुटक सूर, यंत्रासारखा ताल आणि त्यावर कानशिलापर्यंत केस कापलेली ही बया ओरडतेय. पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. माझी गाणी सुरू झाली की तीच पोरं चहाला जायची. मला वाटायचं, जाऊ देत. संथ गाणं तरी माझं एकटीचं आहे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ती माझ्या संगीताच्या वर्गात आली. मागांच्या आवाजापायी तिच्या आईला ऐकू येईनासं झालं होतं. त्यावर भाग्यानं गाणं रचलं होतं. "तू शिकलेली हायस. बघ की, जमलंय का."

मी पेटीवर सूर धरला. बाकावर बसून तिनं ते म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. संथ गाणं, आणि माझ्या दोन्ही गाण्यांहून सरस. पेटी बंद करून मी म्हणाले, "तुझ्या आवाजाला हे शोभत नाही. लोक हसतील."

"व्हय?" एवढंच म्हणाली. वर्षभर तिनं त्या गाण्याचं नाव काढलं नाही.

पुढं एका कार्यक्रमाला माझा घसा बसला. माझ्या जागी ती उभी राहिली आणि नुसत्या गिटारवर आईवरचं ते गाणं म्हणाली. मला वाजवायलाही काही नव्हतं. चहाला कुणीच उठलं नाही. पहिल्या रांगेत तिची आई लेकीच्या ओठांकडं बघत बसली होती.

गाणं संपल्यावर ती येऊन मला बिलगली. "तू सांगितलंस म्हणून जमलं, अक्का. आवाजाला शोभंना, म्हणून गाणंच दोन सूर खाली आणलं. दुसरं कोण एवढं खरं सांगतंय?"

मग ती संथ गाणीच गाऊ लागली. पुण्याहून बोलावणं आलं तेव्हा म्हणाली, "तू बी चल की. तुझ्याबिगर कोण तपासणार?"

शाळेतून रजा मिळत नाही, असं मी सांगितलं. ती आमच्या मुख्याध्यापिकांना भेटायला निघाली होती. मीच अडवलं. रजेचा अर्ज मी केलाच नव्हता.