स्मारकाच्या कुंपणाबाहेर

मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा दिसल्या त्या सकाळी आम्ही नेहमीसारख्याच पळायला गेलो होतो. अमरावतीत सरकारी कचेऱ्यांच्या मागे ते मैदान होतं. एका बाजूला कडुनिंबाची झाडं, दुसऱ्या बाजूला पोलीस क्वार्टर, मधे उघडी काळी जमीन. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी उजाडायच्या आत तिथं जमायची. पळून पळून आम्हीच त्या जमिनीत गोल वाट पाडली होती. त्या वाटेला आडवी पांढरी रेष गेली होती आणि कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या होत्या.

"आता काय बांधून राहिले इथी?" माझ्या मैत्रिणीनं चौकीदाराला विचारलं. ती अचलपूरची. भरतीसाठी शहरात खोली घेऊन राहिली होती.

"स्मारक," चौकीदार म्हणाला. "ड्युटीवर जीव गेलेल्या पोलिसाइचं." मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो खुंट्या मोजायला लागला.

त्या स्मारकावर माझ्या बाबांचं नाव येणार होतं.

बाबा हवालदार होते. पूर्णेकाठच्या एका नाक्यावर चोरीच्या रेतीचा टिप्पर अडवायला ते रस्त्यात उभे राहिले. टिप्पर थांबला नाही. आम्हाला एवढंच सांगण्यात आलं आणि पुढंही त्याहून जास्त कधी कळलं नाही. तेव्हापासून मायनं घराची रस्त्याकडची खिडकी बंद केली ती उन्हाळ्यातही उघडली नाही. जड गाडी गेली की मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि गाडी पार निघून जाईपर्यंत माय हातातलं काम तसंच धरून उभी राहायची.

बाबांच्या जागी नोकरी मिळायची ती अनुकंपेची यादी हलत नव्हती म्हणून मी सरळ भरतीला उतरले होते. मायला ते पसंत नव्हतं. पण तिनं अडवलं नाही, आणि पहाटेचा चहाही कधी चुकवला नाही.

मैदानावरच्या सगळ्यांनी ठरवलं की स्मारकाचं काम बघणाऱ्या पोलीस साहेबांशी मी बोलायचं. माझं ऐकतील, असं त्यांना वाटत होतं. मी आणि मैत्रीण गेलो. साहेबांनी बसवलं, चहा मागवला.

"तुमच्या वडिलांचं नाव तिथं कायमचं राहणार. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"वाटतो साहेब. फक्त पळायला क्वार्टरच्या भिंतीच्या कडेनं वाट सोडा. जागा आहे तिथं."

त्यांनी समोरच्या नकाशावर बोट फिरवलं. "बघू," म्हणाले.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "बघू म्हणजे नाई व."

पावसाळा संपेपर्यंत काम उरकलं. काळा दगड उभा राहिला, भोवती हिरवळ आली, लोखंडी कुंपण आलं, फाटक आलं. ऑक्टोबरातल्या स्मृतिदिनाला मायला पुढच्या ओळीत बसवलं. ती विहारात नेसायची तीच पांढरी साडी नेसून आली होती. बिगूल वाजला, हवेत फैरी झडल्या, कडुनिंबांवरचे कावळे कालवा करत उठले. बाबांचं नाव पुकारलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं ते कार्यक्रम संपेपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं. शेजारी पाटी होती, परवानगीशिवाय आत येऊ नये.

घरी येताना मायनं विचारलं, "आता हे पोट्टे कुठी पळतीन?"

"रोडनं."

दुसऱ्या पहाटे मी बुटांची नाडी बांधत होते, तर माय शाल गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन दारात उभी होती.

आम्ही बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पळायला लागलो. दिवाळीनंतर धुकं पडायला लागलं. कापसानं फुगलेल्या गाड्या बिनदिव्याच्या यायच्या आणि अंगाशी आल्यावरच दिसायच्या. माय आमच्या मागून झपाझप चालत यायची, बॅटरीचा उजेड आमच्या पाठींवर ठेवून. मैत्रीण हसायची. "काकू, आमी काय गुरं आहो का?" माय हसत नसे.

त्या रस्त्यानं एक टिप्पर रोज जायचा. त्याचा एकच दिवा लागायचा. नंबरप्लेटवर चिखल लिंपलेला असायचा आणि ताडपत्रीखालच्या ओल्या रेतीतून पाणी गळत जायचं. आम्ही पोचायच्या आधी तो गेला असला, तर डांबरावर ती ओली रेघ दिसायची. माय त्या रेघेवर पाय पडू देत नसे, ओलांडून जायची.

एकदा तिनं बॅटरी सरळ त्याच्या मागच्या पाटीवर धरली.

"याले नंबर नाई," ती म्हणाली.

"काकू, अशा गाड्याइले नसतेच," मैत्रीण म्हणाली.

मी जवळच्या चौकीत सांगून आले. पाहतो म्हणाले. त्यानंतर टिप्पर रस्त्याच्या मधून जायचा तो आमच्या कडेनं जाऊ लागला. एकदा अगदी पाठीशी येऊन त्यानं लांबलचक हॉर्न दिला आणि आम्ही सगळे बांधाकडे फेकल्यासारखे पळालो. बॅटरीचा किंवा चौकीत सांगण्याचा या गोष्टीशी संबंध होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर माय म्हणाली, "उद्यापासून नोको जाऊ." मी म्हटलं, भरतीची तारीख जवळ आली आहे. ती उठली आणि बॅटरीत नवे सेल घालायला लागली.

ज्या सकाळी ते घडलं, त्या सकाळी धुकं तितकंसं नव्हतं. आम्ही समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या बाजूनं पळत होतो. नुकतीच सुरुवात केली होती; मैत्रीण माझ्या पुढं होती आणि माय थोडीच मागं. एकच दिवा समोरून आला, आमच्याकडे वळला, मी तिला हाक मारली. माझ्या गालावर वारा आणि ओली रेती बसली. मग ती रस्त्यावर नव्हती.

ती नालीत पडली होती. मांडी मधेच वाकलेली दिसत होती. माय माझ्याआधी खाली उतरली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, शाल तिच्या अंगावर टाकली. मैत्रीण ओरडत नव्हती, नुसती विचारत होती, "काकू, मले पळता येईन ना?" माय तिच्याकडे बघत नव्हती. टिप्परचा मागचा तांबडा दिवा ज्या दिशेनं गेला तिकडे बघत होती.

गुन्हा अनोळखी वाहनावर नोंदला गेला. काही दिवस रस्ता कोरडा होता. मग ती ओली रेघ परत दिसू लागली.

माय त्याच आठवड्यात साहेबांकडे गेली. मी बरोबर होते, पण तिनं मला बोलू दिलं नाही.

"साहेब, माह्या मालकाचं नाव तुमी दगडावर लिवलं, चांगलं केलं. पण त्याले कुलूप काहून लावलं?"

"जागेचं पावित्र्य राखावं लागतं, ताई. ही मुलं बूट घालून, आरडाओरडा करत…"

"ते पोलीस व्हाले पळून राहिले. त्याइच्यापासून कायचं पावित्र्य वाचवता? आता एक पोरगी दवाखान्यात पडली आहे. दुसरी माही आहे."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग शिपायाला बोलावून त्यांनी सांगितलं, पहाटे फाटक उघडत जा.

तो हिवाळा आम्ही दगडाभोवती पळालो. माय कडुनिंबाखाली बसून असायची. तिनं दगडाजवळ जाऊन नाव वाचलेलं मी पाहिलं नाही. पुढं साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी पुन्हा कुलूप लावायला लावलं. तोवर माझी निवड झाली होती. नंतरच्या पोरी कुठं पळतात, ते मला माहीत आहे. सुट्टीवर गेले की मी त्या रस्त्यानं जात नाही.

मैत्रिणीच्या पायात सळई आहे. ती अचलपूरला भरतीच्या पोरींचे लेखीचे क्लास घेते. फोनवर माझ्याशी चांगलं बोलते, पण मी वर्दीतला फोटो पाठवला, तर त्यावर काही लिहीत नाही.

मी आता अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा नाक्यावर ड्युटी लागते. आम्ही दोघं असतो, एक लोखंडी बॅरिकेड आणि एक बॅटरी. माय रोज दिवेलागणीला फोन करते.

"आज कुठी आहे?"

"ठाण्यातच. टेबलावर."

मग ती म्हणते, "तुह्या मागं गाड्याइचा आवाज येऊन राहिला."

"ठाणं रोडवरच आहे, माय," मी सांगते. फोन खिशात टाकते आणि बॅरिकेड रस्त्यावर ओढते.