मोठ्यानं वाचलेलं फ्रेमवर्क

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याच हिवाळ्यात मला नवं फ्रेमवर्क शिकावं लागलं. या दोन गोष्टी आठवणीत आता इतक्या मिसळून गेल्या आहेत, की एकीचा विचार करायला लागले की दुसरीचं ऊन अंगावर येतं.

मी एका लहानशा कंपनीचं काम घरून करते. आमची एक वेबसाइट बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्यांची बस कुठवर आली ते सांगते. ती ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर, उभी होती ते जुनं झालं होतं. बनवणाऱ्यांनी सांगून टाकलं होतं, यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. आमचा टीम लीड पुण्याला बसतो. तो म्हणाला, "नवं तूच निवड, तूच शीक, मग आम्हाला शिकव."

लॅपटॉप आणि कपड्यांची एक बॅग घेऊन मी नंदनवनला आईबाबांकडे राहायला गेले. बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेलेली. घरात ते फार बोलत असं नाही, पण बोलले की नेमकं बोलत. आता उजवा हात जड झाला होता आणि शब्द निघून गेले होते. समोरचं सगळं कळायचं, नाव तेवढं यायचं नाही. चमचा हातात धरून ते त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघत राहायचे.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या कानावर बोलणं पडू द्या. काहीही बोला, पण बोलत राहा."

काहीही म्हणजे काय? सकाळच्या धुक्याचं आणि भाजीचं बोलून संपलं. मग मी त्यांना गच्चीवर उन्हात खुर्चीत बसवायची, स्वतः पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप उघडायची, आणि जे वाचायचंच होतं तेच मोठ्यानं वाचायची. आधी इंग्रजीतलं वाक्य, मग त्याचं मराठी.

आई वाळवण घेऊन वर आली की थबकायची. "हे काय मंत्र म्हणून राहिली वं?"

"फ्रेमवर्क शिकून राहिली, आई."

"अन् त्यायले काहून ऐकवतं?"

बाबांनी डावा हात उचलून तिला गप्प केलं. ते ऐकत होते.

माझ्यासमोर दोन फ्रेमवर्क होती. पहिल्याचा सगळीकडे बोलबाला. त्यात वेबसाइटचं पान बघणाऱ्याच्याच फोनमध्ये तयार होतं, मोठं सुंदर हलतं-डुलतं. दुसरं साधं. सर्व्हरवर पान तयार करायचं आणि पाठवून द्यायचं. पहिल्याची माहिती मोठ्यानं वाचताना माझाच श्वास पुरायचा नाही. एका वाक्यात आधीच ठाऊक असायला हव्यात अशा तीन गोष्टी असायच्या. बाबा हळूहळू मान वळवून शेजारच्या गच्चीवरची कबुतरं बघू लागायचे. दुसऱ्याची माहिती मात्र कुणीतरी शेजारी बसून सांगावी तशी होती. विनंती येते. तिचा पत्ता पाहिला जातो. तो पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला हाक मारली जाते. तो उत्तर देतो.

"विनंती," बाबा एकदम म्हणाले.

झटक्यानंतरचा हा त्यांचा पहिला नवा शब्द. मी हललेच नाही. तेही हलले नाहीत. कबुतरं उडून पलीकडे जाऊन बसली.

मी दुसरं निवडलं. टीम लीडला कारणं दिली ती खरीच होती. कामगारांचे फोन साधे, नेटवर्क बारीक, पान हलकं हवं. पण मला ते फ्रेमवर्क गच्चीवर वाचता येत होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून कळलं असतं का, कोण जाणे.

शिकायला काहीतरी बनवून बघावं लागतं. पुस्तकी सराव सोडून मी बाबांसाठी टॅबलेटवर चालेल असं एक पान बनवायला घेतलं. एक चित्र, खाली तीन शब्द, बरोबर शब्दावर बोट ठेवायचं. चित्र साठवायचं कसं, चुकलेला शब्द पुन्हा समोर आणायचा कसा, हे एकेक करत फ्रेमवर्क माझ्या हाताखाली येत गेलं. दुपारी जेवणानंतर त्या उन्हात डोळा लागायचा. अर्धवट झोपेत पत्ते तरंगत यायचे आणि गच्चीच्या कठड्यावर बसायचे. मी प्रत्येकाला विचारायची, तुझं कोणाकडे काम आहे? जाग आली की बाबा टॅबलेटवर वाकलेले दिसायचे. बोट वाटीवर आणि तोंडात भलताच शब्द.

वाटी, चमचा, उशी. काही जमेना. एका संध्याकाळी आईनं कुकर लावला, पहिली शिट्टी झाली आणि बाबा स्वयंपाकघराकडे बघून स्वच्छ म्हणाले, "बॉयलर."

आई कढईतली भाजी तशीच सोडून बाहेर आली. "काय म्हणाले?"

"बॉयलर," ते पुन्हा म्हणाले, आणि हसले. तोंड अजून एका बाजूला वाकडं होतं, तरी हसू पूर्ण होतं.

बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिथूनच चला. जी वाट उघडी आहे तिनं." दुसऱ्या दिवशी मी पानावरची वाटी-उशी काढली आणि टर्बाइन, चिमणी, कोळशाचा ट्रक, कॉलनीची बस अशी चित्रं टाकली. बाबांचं बोट भराभर चालायला लागलं. नोकरीचे शब्द आधी परत आले, घराचे त्यांच्यामागून. "मिरची" आला. "पाणी दे" आला. आईला ते तिच्या नावानं हाक मारायचे, ते मात्र आलं नाही. ते तिला आता "ए" म्हणतात. ती म्हणते, लग्न झालं तेव्हाही असंच म्हणायचे.

फेब्रुवारीत आमची बसची वेबसाइट नव्या फ्रेमवर्कवर गेली. पहिल्या सकाळी सगळ्या बसच्या वेळा भलत्याच दिसायला लागल्या. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावायचं मी विसरले होते. फोनवर फोन. पण चूक कुठे असेल ते मला माहीत होतं. तो भाग मी मोठ्यानं वाचलेला होता. पोहे निवायच्या आत दुरुस्त झालं. बाबा खुर्चीतून बघत होते. "ट्रिप," ते म्हणाले, संच अचानक बंद पडला की कंट्रोल रूममध्ये म्हणायचे तसं, आणि थोड्या वेळानं, "चालू."

उन्हाळा लागायच्या आधी एका दुपारी त्यांनी मला हाताला धरून विचारलं, "बुटीबोरी... जाऊ?"

मी गाडी काढली. पाळी सुटायच्या सुमाराला एका कारखान्याच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली थांबलो. माणसं बाहेर येत होती, डबे खांद्याला. बरेच जण चालता चालता फोन बघत होते. एकानं दुसऱ्याला ओरडून सांगितलं, "अभी दस मिनिट है रे, चाय पी लेते." ते दोघं टपरीकडे वळले. बस आली तेव्हा त्यांचे ग्लास रिकामे झाले होते.

"तू?" बाबांनी विचारलं.

"हाव बाबा. मीच केलं."

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. मी थांबले. मला आता थांबता येत होतं.

"चांगलं," ते म्हणाले. मग काच खाली करायला लावली आणि टपरीकडे बोट केलं. आम्हालाही चहा हवा होता.