यशवंताचा दुसरा कान

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वाणगावला आमच्या वाडीत मिरचीला पाणी देत होतो. "भावजी, हे गेले हो… सकाळी चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत," एवढंच त्या बोलल्या. फोन खिशात ठेवला आणि मी पाइप पुढच्या सरीत टाकला. ती भरली, मग तिच्या पुढची. बोईसरला निघायला हवं हे डोक्याला कळत होतं, पण पाय हलत नव्हते. यशवंत, वहिनींचा नवरा, माझा तीसेक वर्षांपासूनचा दोस्त. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. रडू त्या दिवशी आलं नाही आणि अजूनही धड येत नाही. नुसता थकवा आहे, अंगात ताप मुरल्यासारखा. त्याचं एक कारण मला ठाऊक आहे. तो गेला बुधवारी. आदल्या रविवारी त्याने "ये की रं, तासभर बसू" म्हणून फोन केला होता आणि मी "मिरचीवर फवारणी हाय, नाय जमणार" असं ठोकून दिलं होतं. फवारणी वगैरे काही नव्हती. मला जायचा कंटाळा आला होता.

यशवंत साताऱ्याकडचा, मी इथलाच. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात तो फिटर आणि मी इलेक्ट्रिशियन; पंप त्याचे, मोटरी माझ्या. त्याच्या कानाची कारखानाभर ख्याती होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ह्यो अजून आठ दिस काढंल." आठव्या-नवव्या दिवशी बेअरिंग गेलेलं असायचंच. कानात घालायला आम्हाला बोळे मिळायचे. आम्ही सगळे निमूट घालायचो, हा खिशात ठेवायचा. "कान बंद केल्यावर यंत्राला काय नाकानं ऐकू?" वर त्याने स्वतःचा एक नियम केला होता. दुरुस्त केलेला पंप लाइनवर घ्यायच्या आधी तो दुसऱ्या माणसाने ऐकायचा, पहिल्याला काय ऐकू आलं ते न विचारता. दोघांचं जुळलं तर पंप चालू, नाही जुळलं तर पुन्हा खोलायचा. हा दुसरा कान बहुतेक वेळा माझाच असायचा. सुरुवातीला एकदा त्याची मर्जी राखायला मी "ठीक हाय" म्हणालो, तर चार दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "मला काय वाटतं ते मला ठावं हाय, लेका. तुला काय वाटतं ते सांग."

असा माणूस निवृत्त झाल्यावर गाण्याच्या नादी लागला नसता तरच नवल. बोईसरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याने कमरेएवढे दोन स्पीकर आणून ठेवले, आणि वहिनींचं शिवणयंत्र गॅलरीत गेलं. त्या चिडल्या, मग त्यांनीच स्पीकरना आच्छादनं शिवली. ऐकायला मात्र याच्याकडे खरं म्हणजे एकच गोष्ट होती. गावच्या भजनी मंडळाची जुनी टेप, कुणाकडून तरी साफसूफ करून घेतलेली. त्यात त्याचे वडील टाळ वाजवतात. त्यांचा फोटोसुद्धा घरात धड नाही, एक आहे तो लग्नाच्या गर्दीतला, अर्धा कापलेला. तेव्हा वडील म्हणजे तो टाळ. आणि दोन-अडीच वर्षांपूर्वी एका रविवारी मी गेलो तर हा कपाळाला हात लावून बसलेला. "टाळ मेलाय," म्हणाला. "पखवाज जागेवर हाय, गळं जागेवर हायती. टाळ कुठं गेला? ह्यो अ‍ॅम्प्लिफायर बसला बघ." हा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे स्पीकरना ताकद पुरवणारं यंत्र. ते कमी पडलं की बारीक आवाज आधी मरतात, असं त्याचं म्हणणं.

त्याने टेप लावली. मी ऐकली. टाळ चांगला खणखणत होता. तसं मी म्हणालोही, "अरे, टाळ तर मस्त वाजतोय." तर हा भडकला. "मिरचीच्या खाटानं तुझा कान गेलाय! तीस वर्सं तुला ऐकायला शिकवलं ती मातीत गेली." तीन आठवडे त्याचा फोन नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून मीच गेलो. त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "हां, जरा दबलाय खरा." केवढा खूश झाला तो! वहिनींना आतून बोलावून "बघ, ह्यो बी तेच म्हणतोय" असं सांगितलं. स्वतःचाच नियम मोडून आधी स्वतःचं मत सांगत होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोललो नाही.

मग सुरू झाली निवड, ती वर्षभर रेंगाळली. ठाण्याचा एक दुकानदार भला माणूस होता, तो आठ-आठ दिवसांसाठी यंत्रं घरी ऐकायला द्यायचा. "दुकानात समदंच ग्वाड लागतं, कस घरात लागतो," असं यशवंतचं तत्त्व. पहिला आला तो काचेच्या दिव्यांचा, मागे वळून बघायला लावणारा देखणा. त्यावर गळे अगदी मऊ आले. टाळही होता. याने 'नाही' म्हणून मान हलवली, मीही हलवली. दुसरा चपटा, हलका, हाताला गारच लागणारा. याचं म्हणणं, एवढ्या हलक्या यंत्रात ताकद असूच शकत नाही. पुन्हा टेप, पुन्हा मान. मला आता युक्ती सापडली होती. ऐकायचंच नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं. एक मात्र मी पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो. भजन रंगात आलं की तो उठून स्पीकरच्या खोक्यावर पालथा पंजा टेकवून उभा राहायचा. मला वाटायचं, झाली यांची शौकिनी सुरू!

तिसरा आला तो चाळीस किलोचा धूड, दोन्ही बाजूंना उष्णता बाहेर टाकणाऱ्या धारदार पट्ट्या, अर्ध्या तासात तवा तापावा तसा तापणारा. लिफ्ट बंद होती. दुकानाची दोन माणसं आणि मी, असा तो तिसऱ्या मजल्यावर चढवला. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी माझ्याशी वैर धरलं ते आजतागायत. आता हा परत खाली न्यायचा, मग चौथा वर आणायचा, या विचारानेच मला घाम फुटला. टेप सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील-नसतील, मी मांडीवर थाप मारली. "निघाला! आता निघाला बघ टाळ." यशवंत माझ्याकडे बघतच राहिला. "नीट ऐकून सांग," म्हणाला. "ऐकलं की. खणखणीत हाय." तो उठला, खोक्यावर पंजा टेकवला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मग म्हणाला, "मग ह्योच ठेवू."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. मीटरपासून त्या धुडासाठी वेगळी वायर ओढून दिली, अर्थिंग करून दिलं आणि विषय संपला असं धरून चाललो. पण रविवारचे फोन संपेनात. गेलं की हा टेप लावायचा आणि विचारायचा, "आता काय चाललंय? सांग की." मी म्हणायचो, "चांगलं हाय." "चांगलं म्हंजी कसं?" "अरे, चांगलं म्हणजे चांगलं!" मला वाटायचं, एवढं मोठं यंत्र घेतलंय, तर याला कौतुक हवंय. किती म्हणून करायचं? एक रविवार चुकवला, मग दोन. कधी पाहुणे, कधी मोटर जळाली, कधी फवारणी… शेवटची फवारणी तुम्हाला सांगितलीच.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी वहिनींनी बोलावलं. चहा दिला, आणि कपाटातून एक कागद काढून समोर ठेवला. पालघरच्या एका कानाच्या डॉक्टरचा, ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. एक रेघ डावीकडून सरळ आलेली आणि मध्येच कड्यावरून ढकलल्यासारखी खाली गेलेली. "तो तिसरा आणला ना, त्याच्या पाचव्या दिवशी हे एकटेच जाऊन आले," वहिनी म्हणाल्या. "बारीक आवाज सगळे गेलेत म्हणाले डॉक्टर. मशिनींच्या गोंगाटानं. कानातलं यंत्र लावून बघितलं यांनी, पण टाळ पत्र्यासारखा वाजतोय म्हणून काढून ठेवलं." मी विचारलं, त्याला हे सुचलं कसं? "तुमच्यामुळंच की. मला म्हणाले, त्याला टाळ आला आणि मला न्हाई आला. त्याचा कान खोटं बोलायचा न्हाई. म्हंजी यंत्र बरं हाय, मीच बिघडलोय." कप उचलत त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगू नको म्हणाले. लाज वाटली असंल. तो आला की सांगतो, तेवढं मला पुरतं, म्हणायचे."

आयुष्यभर यंत्राचं दुखणं ओळखलेल्या माणसाने दोष यंत्रात शोधला, हे मी समजू शकतो. पण मी? पहिल्याच दिवशी खरं धरून बसलो असतो, तर वर्षभर आधी तो पालघरला गेला असता. मला राहवलं नाही. वहिनींना सगळं सांगून टाकलं, ते "दबलाय"सुद्धा आणि "निघाला"सुद्धा.

वहिनींनी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आपला जुना होता, तोही चांगला होता?"

"होता."

"आणि त्या दिव्यांचा?"

"तो पण."

"मग हा धोंडा कशाला चढवलात हो तीन जिने!" असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. जरा निवल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगायचात तरी काय, भावजी? ते एवढी वाट बघायचे."

"चांगलं हाय म्हणायचो."

"एवढंच?"

"एवढंच, वैनी."

त्या उठल्या, बटण दाबलं, टेप लावली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता सांगा."

मी डोळे मिटले. कारखाना सुटल्यापासून असं ऐकलं नव्हतं. "आता पखवाज थांबलाय," मी म्हणालो. "टाळ एकटाच हाय. दमलाय वाटतं, हात जरा मागं पडतोय… पण सोडत नाय. आता बाकीचे टाळ आले त्याच्या जोडीला, तरी त्याचा वेगळा कळतोय, कडेला जरा चिरका हाय. आता चढतोय, यशवंता. तुझा बाप सगळ्यांना वढून नेतोय बघ वर…"

"मला ऐकू येतं हो, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "किती मोठ्यानं बोलताय."

मला ते कळलंच नव्हतं. पण मी आवाज कमी केला नाही.