सुमतीबाईंचं लेबल

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीत शाळा सुटली, साधेच शब्द येतात. सांगलीच्या एका कॉलेजच्या संग्रहालयात मी पतंग सांभाळतो, दिव्यावर येतात ते. मेलेल्या किड्यांच्या खोलीत काय घडणार, असं लोकांना वाटतं. पण किस्से धुळीसारखे साचतात. पुसायला गेलं की कळतं किती आहेत.

*

पहिल्याच आठवड्यात एका टाचणीवरचं पिवळं, चुकीच्या नावाचं लेबल मी काढून टाकलं आणि नवं लावलं. संग्रहालय बघणाऱ्या सरांनी केराच्या टोपलीत हात घालून जुनं शोधलं.

"चुकलं असलं तरी कुणीतरी बघून लिहिलंय. जुनं काढायचं नाही. नवं त्याच्या खाली."

*

नुसत्या पंखांवरून पतंगाची जात ठरत नाही. त्याचं पोट तोडून पोटॅशच्या पाण्यात मऊ करायचं आणि आतले भाग मायक्रोस्कोपखाली जुळवायचे. एकदा असं सुटं पोट चिमट्यात धरलं आणि मला शिंक आली. मी, सर आणि वॉचमन सुभेदारकाका तासभर फरशीवर रांगत होतो.

"बॉर्डरवर दुश्मन हुडकला, पर पोट कवा हुडकलं न्हाई," काका म्हणाले.

पोट त्यांच्याच मिशीत सापडलं!

*

साताऱ्याकडच्या मेढ्याचा एक पतंग सरांनी तरुणपणी नवी जात म्हणून जाहीर केला होता. नाव बायकोचं दिलं, सुमती. बाई डबा घेऊन आल्या की ड्रॉवर उघडायला लावायच्या. "जरा उजळ तरी बघायचा होता," म्हणायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. सर आता दुपारी चहाच घेतात.

*

मग दुसऱ्या संग्रहालयातून तसाच एक फार जुना, सरांच्या आधीच दुसरं नाव मिळालेला पतंग तुलनेला आला. पंखांवरचे ठिपके वेगळे. सरांनी दोन्हींचे भाग काचेवर मांडले आणि मला बोलावलं.

दोन्हींत तोच वाकडा हूक, तेवढेच काटे. जात एकच निघाली तर आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं. हे मला माहीत होतं.

"वेगळे वाटतात, सर."

सरांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. "तीन दिवस मीही तेच म्हणतोय. परत बघ."

मी परत बघितलं. "एकच आहे, सर."

काका दारात उभे होते. "आवं सर, ऱ्हाऊ द्या की. कोन बघतंय?"

"आपण बघितलं ना, सुभेदार." सरांनी चष्मा पुसला. मला म्हणाले, "लेबल तू लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो. त्या जुन्या पतंगाचं नाव बारीक अक्षरात लिहून सरांच्या पतंगाच्या टाचणीवर चढवलं. खाली जागा पुरेना. मग सुमतीबाईंचं लेबल चिमट्यानं हळूच वर सरकवलं, पार पंखांना टेकेपर्यंत.